बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

मे महिन्यातली सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या चाकाला टेकून बुलबुलाचं पिल्लू बसलेलं असतं. अंगावर पिसं आलेली, शेपटी मात्र बोटाच्या पेराएवढी, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. मुलं गोळा होतात. कुणी बुटांचा रिकामा खोका आणतं, कुणी त्यात कापूस अंथरतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वाटीत दूध-पोळी कुस्करून खाली येतात. पिल्लू खात नाही म्हणून ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं जातं. दुपारपर्यंत त्याचं बारसंही उरकतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात ते आडवं पडलेलं सापडतं.

एवढी माया करूनही ते का गेलं, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा कडू आहे. ते पिल्लू पडलेलं नव्हतंच. लालबुड्या बुलबुलाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत घरटं सोडतात आणि सोडतात तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. पुढचे काही दिवस ती झुडपात, कुंडीमागे, जमिनीवर टुणटुण उड्या मारत काढतात. आईबाप जवळच्याच तारेवर बसून, चोचीत नाकतोडा धरून, खालची गर्दी कधी पांगते याची वाट बघत असतात. खोका उचलून घरात नेला की त्यांची वाट बघणं संपतं.

राहिलं दूध. पक्ष्यांना ते पचत नाही. ड्रॉपर तर त्याहून घातक, कारण पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं आणि जबरदस्तीने सोडलेला थेंब थेट तिकडे उतरतो. बुलबुल आपल्या पिल्लांना पाणी वेगळं पाजतच नाही. अळ्या, किडे आणि फळांच्या गरातून मिळतं तेवढ्यावर त्यांचं भागतं.

मग अशा वेळी करायचं काय? आधी लांब उभं राहून बघायचं. अंगभर पिसं असतील आणि पिल्लू उड्या मारत असेल तर त्याला अलगद उचलून मांजराच्या टप्प्याबाहेरच्या एखाद्या झुडपात ठेवायचं आणि मुलांसकट तिथून निघून जायचं. पिल्लू उघडंबोडकं, डोळे मिटलेलं असेल तर मात्र ते खरोखरच पडलेलं आहे. घरटं दिसत असेल तर त्याला परत तिथेच ठेवावं. घरटं मोडलं असेल तर नारळाच्या करवंटीला बुडाशी दोन भोकं पाडून, आत सुकं गवत घालून ती त्याच फांदीजवळ बांधावी. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज घराघरात आहे आणि तो चुकीचा आहे. आई हाताच्या वासावरून काही ठरवत नाही. ती पिल्लाच्या आवाजावर येते. डॉक्टरकडे धावायचं ते तुटलेला पंख किंवा रक्त दिसलं की. मांजराचा दात लागला असेल तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी थांबू नये. मांजराच्या तोंडातले जंतू दिवसा-दोन दिवसांत पक्ष्याचा जीव घेतात.

हाच धडा महाराष्ट्राने फार मोठ्या प्राण्याच्या बाबतीतही गिरवला आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. बिबट्याच्या मादीला उसासारखा दाट आडोसा दुसरा मिळत नाही, म्हणून ती तिथेच विते. पूर्वी असे बछडे सापडले की ते उचलून पिंजऱ्यात जायचे आणि जन्मभर पिंजऱ्यातच राहायचे. आता वनखात्याचे लोक आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर बछड्यांची तपासणी करतात आणि संध्याकाळी त्यांना एका उघड्या खोक्यात किंवा कॅरेटमध्ये घालून जिथे सापडले तिथेच ठेवतात. सगळे लांब जातात. अंधार पडला की मादी येते, एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. एका रात्रीत आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तोच प्रयत्न. या कामात सगळ्यात अवघड असतं ते शंभरभर बघ्यांना घरी पाठवणं.

म्हणजे बुलबुल असो की बिबट्या, पहिली मदत म्हणजे गर्दी हटवणं. घराच्या आसपासच्या प्राण्यांसाठी काय करता येईल, असा विचार करणारा माणूस बहुधा काहीतरी विकत आणायच्या तयारीत असतो: घरटं, दाणे, खाद्य. खिशात हात घालण्याआधी आपल्या घरात बिनभाड्याने कोण कोण राहतं, त्यांचं कसं चाललंय, हे बघितलं तर निम्मं काम तिथेच होतं.

पाण्याचं भांडं मात्र खुशाल ठेवावं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा गच्चीवरची मातीची परात पक्ष्यांसाठी पाणवठाच होते. परात उथळ हवी, दोन बोटं पाणी पुरे, मधे एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाशीही बुडत नाही. सावलीत ठेवावी, पण आसपास मांजराला दबा धरायला जागा नसावी. एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. डेंग्यूचा एडिस डास पाण्यात नव्हे, पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. पाणी ओतून नवं भरलं म्हणजे झालं नाही. आठवड्यातून एकदा काथ्याने परात घासायला हवी. न घासलेली परात पक्ष्यांची सोय करते आणि शेजाऱ्याला तापाने झोपवते.

दाण्यांचं प्रकरण आणखी नाजूक आहे. मूठभर बाजरी-ज्वारी ठीक. शेव-फरसाण नको, मीठ नको, शिळा भात तर नकोच. आणि दाणे रोज एकाच जागी पोत्याने पडू लागले की तिथे चिमण्या-साळुंक्या राहत नाहीत, कबुतरांचं राज्य सुरू होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा केवढं रण पेटलं, हे सगळ्यांनी पाहिलं. श्रद्धेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी वाळलेल्या विष्ठेची धूळ काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा करते, हे डॉक्टर कित्येक वर्षं सांगत आले आहेत. कबुतराला आपल्या दाण्यांची गरज नाही. खिडकीच्या छज्ज्यापासून एसीच्या मागच्या फटीपर्यंत माणसाने त्याला आधीच पुष्कळ देऊन ठेवलंय.

चिमणीचं तसं नाही. तिची तक्रार जागेची आहे. जुन्या घरात भिंतीवरची तसबीर वरून पुढे कललेली असायची आणि तिच्यामागे हमखास चिमणीचा संसार असायचा. खाली सतरंजीवर काड्या पडायच्या, आजी रोज त्या झाडायची आणि रोज कुरकुरायची, पण तसबीर कुणी सरळ करत नसे. कौलं गेली, वासे गेले, तसबिरी भिंतीला चपट्या झाल्या आणि खिडक्या सरकत्या काचांच्या आल्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी आणि त्यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने चिमणीचा विषय लावून धरला आणि २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. चिमणी नामशेष होत चालली, असा गळा काढायची मात्र गरज नाही. २०२० साली भारतातल्या पक्ष्यांचा जो मोठा आढावा आला, त्यात देशभरात चिमणी बऱ्यापैकी टिकून असल्याचं दिसलं. घट होती ती मोठ्या शहरांत.

लाकडी घरटं लावायचंच तर त्याचं भोक ३२ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंचाचं हवं. त्याहून मोठं केलं की दांडगे पक्षी घुसतात. भोकाखाली बसायला दांडी नको. ती चिमणीला लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते. उन्हाचा तडाखा बसणार नाही अशा भिंतीवर, पंख्यापासून लांब लावावं. आणि बाजूला एखादं जास्वंदीचं किंवा मेंदीचं दाट झुडूप असू द्यावं, औषध न मारलेलं. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण तिची पिल्लं वाढतात ती अळ्या-किड्यांवर. कीटकनाशकाचा फवारा मारलेल्या बागेत टांगलेलं घरटं म्हणजे स्वयंपाकघर नसलेला फ्लॅट.

अळ्यांचा विषय निघालाच आहे तर खिडकीतल्या कढीपत्त्याकडे वळू. एखाद्या सकाळी फोडणीसाठी पानं तोडायला गेलं की पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. बहुतेक हात तो झटकून टाकतात. वास्तविक ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असते. तिने शिटेचं सोंग घेतलेलं असतं, कारण शीट कोणताच पक्षी खात नाही. कात टाकत टाकत ती मोठी होते आणि शेवटच्या टप्प्यात हिरवीगार, करंगळीएवढी होते. तिला काडीने हलकेच डिवचून बघावं. डोक्यामागून सापाच्या जिभेसारखा दुभंगलेला लाल अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंगीला आणि पाखराला पळवून लावायला तेवढा पुरतो. काही दिवसांनी ती खाणं थांबवते, एखाद्या देठाला शेपटाकडून चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते, खांबावर चढलेला वायरमन पट्टा बांधून मागे रेलतो तशी, आणि तिचा कोष होतो. एवढं सगळं ओट्यापासून तीन हातांवर घडतं. झाडाची वीसेक पानं जातात, महिन्याभरात ती परत फुटतात.

लिंबाच्या रोपावर लेमन बटरफ्लाय, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीच्या जाड पानाच्या आत चक्क भुयार करून राहणारी रेड पिएरोची अळी. प्रत्येकीचं झाड ठरलेलं. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. नर्सरीतून परदेशी शोभेची झाडं आणून बाल्कनी भरणाऱ्यांकडे फुलपाखरं मध प्यायला येतील, पण संसार मांडायला कढीपत्त्याकडेच जातील.

आता जरा कमी लाडक्या बिऱ्हाडकरूंकडे.

पाल बिनविषारी असते. ती दुधात पडली तर दूध टाकून द्यावं, तिच्यामागे झाडू घेऊन धावण्याचं कारण नाही. ट्यूबलाइटजवळ रात्रभर बसून ती डास-पाखरं टिपते आणि बदल्यात मागते काय, तर तसबिरीमागची जागा. तिथे पूर्वी चिमणी राहायची.

घुबडाचं नशीब त्याहून वाईट. इमारतीच्या डक्टमध्ये पांढऱ्या, बदामी आकाराच्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड येऊन बसलं आणि रात्री चिरकलं, की सोसायटीची तातडीची मीटिंग भरते. त्या बसल्या जागेखाली राखाडी गोळ्या पडलेल्या असतात. एखादी गोळी पाण्यात भिजवून चिमट्याने उकलली तर उंदराची कवटी, बरगड्या आणि केस निघतात, कारण घुबड न पचलेला भाग असा ओकून टाकतं. अशुभाचा ठपका ठेवायच्या आधी सेक्रेटरींनी त्या कवट्या मोजाव्यात. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबड महोत्सव भरवला, तो या भीतीवरच. चित्रं, मुखवटे, गाणी आणि शेकड्याने आलेली शाळकरी मुलं. गावोगावी भाषणं देण्यापेक्षा ही तऱ्हा जास्त शहाणपणाची वाटते.

उंदीर मारायला लोक दोन गोष्टी आणतात आणि दोन्ही वाईट. एक म्हणजे गोंदाचा पुठ्ठा. त्यावर उंदराइतक्याच सहज पाल, चिमणी, सापसुद्धा चिकटतो आणि दोन-तीन दिवस तडफडत मरतो. कुणी चिकटलेलं सापडलंच तर ओढू नये, कातडी आणि पिसं निघून येतात. उघड्या गोंदावर पीठ भुरभुरवावं, मग अंगाला खायचं तेल हलके चोळत सोडवावं. दुसरी गोष्ट म्हणजे रक्त पातळ करणारं विष. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत फिरतो आणि तेवढ्यात घुबडाच्या किंवा घरच्याच मांजरीच्या तोंडी लागतो. पूर्वीचा लाकडी पिंजरा आणि त्यातला भजीचा तुकडा यांना अजून तोड नाही.

आणि उंदीर असेल तिथे साप येणारच. धामण घराजवळ दिसली म्हणजे उंदरांनी तिला बोलावलं आहे. महाराष्ट्रात माणसाला खरा धोका चौघांचा: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी घराजवळ दिसणारे बरेचसे साप बिनविषारी. त्यातला कवड्या बिचारा मण्यारसारखा दिसतो म्हणून मार खातो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचं उलटं. ही ओळख लांबून, भिंतीवरचा फोटो बघावा तशी करायची आहे, वाकून नव्हे. साप छेडल्याशिवाय चावत नाही हे दाखवायला पुण्याचे सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. वाचकांनी तसं काही करू नये. खोलीचं दार लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबावा, सापावर लांबून नजर ठेवावी आणि सर्पमित्राला बोलवावं. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखतही नाही आणि झोपेतल्या माणसाला सकाळी पोटदुखीने जाग येते तेव्हा उशीर झालेला असतो. खोचलेली मच्छरदाणी माणूस आणि मण्यार दोघांनाही वाचवते.

साप झाले, आता कुत्री-मांजरं. जनावरांच्या मायेची मुंबईची परंपरा जुनी आहे आणि ती दंगलीपासून सुरू होते. १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारच्या शिपायांनी फोर्टात मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. बाजार बंद झाला, कुलाब्याच्या फौजेची रसद अडली, लष्कर बोलवावं लागलं. दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ उभी केली. पुढे परळला प्राण्यांचं मोठं इस्पितळ आलं. त्याचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे भारदस्त नाव आजही टॅक्सीवाल्याला सांगून उपयोग नाही. बैलघोडा हॉस्पिटल म्हटलं की तो मुकाट मीटर टाकतो.

आजच्या घरात कुत्र्या-मांजरांवरचं संकट बहुधा औषधाच्या डब्यातून येतं. मांजराला ताप वाटला म्हणून क्रोसिनची अर्धी गोळी देणारे लोक कमी नाहीत. मांजराच्या यकृतात त्यातलं पॅरासिटामोल निकामी करायची यंत्रणाच जवळजवळ नसते. काही तासांत रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी-निळसर होतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेला लावायचं जे औषध मिळतं, त्यातल्या परमेथ्रिनने मांजराला झटके येतात. घरात दोघंही असतील तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय टोपण उघडू नये.

खाण्यातही तेच. कुत्र्याला द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला बाधतात आणि किती खाल्ल्यावर बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही. प्रसादाच्या शिऱ्यात ते असतातच. चॉकलेट नको, कांदा-लसूण कच्चा नको आणि शिजवलेलाही नको, म्हणजेच रविवारच्या मटणाचा रस्सा-पोळी नको. शिजवलेली हाडं काचेसारखी टोकदार फुटतात. मोठ्या मांजराला वाटीभर दूध पाजलं तर बहुधा जुलाब होतात. गोष्टींतली मांजरं दुधावर जगतात, घरातली पाण्यावर.

कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघावी. ती भाजत असेल तर पंजेही भाजतात. पग आणि शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप टाकणंही जड जातं. दिवाळीत कुत्र्यांना फिरवून आणायचं ते उजेड आहे तोवर. फटाके सुरू झाल्यावर कुत्रं पलंगाखाली शिरलं तर त्याला तिथेच राहू द्यावं, ओढून काढून धीर देऊ नये. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचं. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर हवाच. दिवाळीच्या रात्री पळालेली कुत्री परत मिळतात ती त्याच नंबरमुळे.

२०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर रतन टाटांनी लोकांना एक साधी विनंती केली होती. गाडी चालू करण्याआधी खाली वाकून बघा, पावसात रस्त्यावरची जनावरं तिथे आसऱ्याला येतात. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने महालक्ष्मीला लहान प्राण्यांचं अद्ययावत इस्पितळ सुरू झालं, पण हजारो जीव वाचवायची ताकद त्या दोन ओळींच्या विनंतीत जास्त असावी. मांजराची पिल्लं तर बॉनेटच्या आत, इंजिनाच्या उबेला जाऊन झोपतात. किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज बिस्किटं घालणाऱ्यांबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलायला हवं. बिस्किटं घालणं हा कामाचा सोपा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे त्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस. त्यासाठी महापालिकेला किंवा संस्थेला फोन करणं, गाडी येईल तेव्हा कुत्रं ओळखून देणं, चार दिवसांनी ते त्याच गल्लीत परत सोडलंय ना हे बघणं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. आपल्या गल्लीत किती कानांना खाच आहे, हे खाऊ घालणाऱ्याला पाठ असायला हवं. आणि कुणालाही चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

कचऱ्याचा ढीग, त्यावरची कुत्री आणि बिबट्या यांचं एक गणित आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली. जंगल जवळपास नसलेल्या, शेतीवाडीच्या या भागात बिबट्यांच्या पोटात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या कुत्र्यांपेक्षा जास्त असूनही कमी खाल्ल्या गेल्या होत्या, कारण त्या रात्री गोठ्यात बंद असतात. मुंबईत आरे-बोरिवलीच्या जंगलाच्या काठावरची गोष्टही हीच. वस्तीबाहेरचा उकिरडा वेळेवर उचलला गेला की कुत्री घटतात आणि बिबट्याचं येणं-जाणंही. पाळलेलं कुत्रं रात्री आत घ्यावं, अंगणात साखळीला बांधून ठेवू नये.

संक्रांतीनंतरचा आठवडाही असाच सगळ्यांच्या हातातला. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी झाडांवर तो लटकतोच आणि वर्षभर घारी, वटवाघळं, घुबडं त्यात अडकतात. सोसायटीच्या मुलांनी एक रविवार काढून गच्चीवरचा आणि फांद्यांवरचा मांजा गोळा करावा आणि तो बारीक कापूनच कचऱ्यात टाकावा. अडकलेला पक्षी सापडला तर त्याच्यावर फडकं टाकून, हवेला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत ठेवावा. खायला घालू नये. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. बरा झालेला पोपट किंवा सापडलेलं कासव घरीच ठेवून घ्यायचा मोह होतो, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

शेवटची गोष्ट गावाकडच्या गोठ्यातली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. पारशी लोक आपले मृतदेह गिधाडांच्या हवाली करतात त्या मुंबईच्या डोंगरवाडीवर पिढ्यान् पिढ्या येणारी गिधाडं यायची थांबली. कुणी त्यांची शिकार केली नव्हती की विष घातलं नव्हतं. आजारी गाई-बैलांचं दुखणं कमी व्हावं म्हणून मायेने टोचलेलं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडत होती. कारण २००४ मध्ये सापडलं, जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये बाटलीची मर्यादा ३ मिलिलिटरवर आणावी लागली. २०२३ मध्ये जनावरांसाठीचं किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही बंद झालं. रायगडातल्या म्हसळ्याकडे आणि इतर काही ठिकाणी थोडी गिधाडं अजून टिकून आहेत. मेलॉक्सिकॅम हे औषध त्यांना बाधत नाही आणि ते गुरांच्या डॉक्टरांकडे मिळतं. तेव्हा गावाकडे गाय आजारी पडली आणि डॉक्टरांनी सुई भरली, तर टोचण्याआधी बाटलीवरचं नाव तेवढं विचारा.